जोडदात

तो दात तिच्या डोळ्यांआधी तिच्या छातीने ओळखला. डाव्या बाजूला एक जुनी, पार विसरून गेलेली कळ चमकली, तिने नकळत कोटाचं बटण चाचपलं आणि मग कुठे तिची नजर खाली काचेकडे गेली. माणूस आडवा झोपेल एवढं लांबरुंद ते नवं टेबल आतून उजळलेलं होतं आणि त्याच्या मधोमध एका लहान मुलाची कवटी अधांतरी तरंगत होती. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाची मुलंमुली भोवती दाटीवाटीने उभी होती, त्यांना शरीररचना शिकवणारी ती त्यांच्यामागे, आणि टेबलाच्या डोक्याशी कंपनीतून आलेला माणूस, नवीन मिक्सर दाखवावा तसा खुशीत. ‘‘हा आमच्याकडचा सगळ्यात लाडका नमुना,’’ तो म्हणाला. ‘‘वय चार ते पाच. मुलगा का मुलगी, नोंद नाही. बोटाने फिरवा, चिमटीत धरून मोठा करा, दोनदा टकटक केलं की हाड गायब.’’ त्याने बोट ओढलं तशी कवटी गर्रकन फिरली. मग टकटक. जबड्याचं हाड विरघळलं आणि दुधाच्या पांढऱ्या दातांच्या मुळाशी, ओळीने वाट बघत बसलेले कायमचे दात दिसले, निळे, मण्यांसारखे. ‘‘आईशप्पथ!’’ कुणीतरी म्हणालं. ‘‘दोन-दोन बत्तिशा! भुतासारखा दिसतोय राव.’’ मागून एका टवाळाने लगेच बारसं उरकलं, ‘‘मोठे नमुने काका आणि काकू, तर हा आपला बाळू.’’ सगळे हसले. जोडदात काय, पुष्कळ मुलांना असतात, ती स्वतःला समजावत होती. खालच्या जबड्यात डावीकडे, पुढचे दोन दुधाचे दात कडेने एकमेकांना चिकटून एकच रुंद दात झालेला, मध्ये नखाने ओढल्यासारखी रेघ. असतात. पुस्तकात फोटोसुद्धा आहे. पण तेवढ्यात कवटी फिरत फिरत समोर आली आणि वरचा मधला दात दिसला, हाडात अर्धा घुसलेला, तिरका, एक कोपरा उडालेला. घसरगुंडीची लोखंडी कड तिला दिसली. वाळूत पडलेली लाल चप्पल दिसली. मग समजूत घालायला काही उरलंच नाही.

‘‘आता गंमत,’’ कंपनीवाला म्हणाला आणि त्याने प्रश्नाचं चिन्ह दाबलं. काचेवर अक्षरं उमटली: या जबड्यात काय कमी आहे? पोरं वाकली. डोक्याला डोकी लागली. तिला वाटलं, सरका, मला बघू द्या, मी आधी बघणार, पण मॅडम मागे उभ्या राहून आपली परीक्षा घेतायत असं समजून कुणी सरकलं नाही. जाड चष्म्याची एक मुलगी होती, तिने खालच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. ‘‘इथे जोडदात आहे, मॅडम. म्हणजे दोन दात. मग खाली निळे पण दोन पाहिजेत ना? पण खाली… एकच आहे.’’ टेबलाने छोटीशी धून वाजवली. हिरवा प्रकाश पडला. एक कायमचा दात जन्मतःच नाही. बरोबर! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या तोंडाकडे बघत वाजवल्या, म्हणून तिनेही वाजवल्या. ‘‘मॅडम, असं असलं तर फार सिरियस असतं का?’’ चष्मेवालीने विचारलं. ‘‘नाही गं,’’ तिचा शिकवण्याचा आवाज आपला आपण म्हणाला. ‘‘तसं काही नाही. मोठेपणी एक फट राहते, नाहीतर बाकीचे दात सरकून घेतात. पालकांना वेळेत सांगितलं म्हणजे झालं.’’

पालकांना. तो जोडदात उगवला तेव्हा भिंगरी नऊ-दहा महिन्यांची असेल. भिंगरी हे काही पाळण्यातलं नाव नव्हे, पण एका जागी टिकायचीच नाही, दूध पितानासुद्धा एक पाय पंख्यासारखा फिरत राहायचा, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. एका दुपारी पिता पिता ती थांबली, वर बघितलं, आणि अगदी विचारपूर्वक चावली. छातीत कळ जाऊन ती ओरडली तसा नवरा धावत आला. मग दोघांनी मिळून त्या इवल्या तोंडात बोट घालून पाहिलं होतं, आणि त्याच्या बोटाला ती रुंद कड लागली होती. ‘‘अगं, हा एक नाहीये, दोन आहेत. जोडीने आलेत,’’ तो म्हणाला होता. ‘‘आपल्यासारखे.’’ त्यावर ती, छातीला ओलं फडकं धरून, डोळ्यांत पाणी असताना हसली होती. दुधाचा जोडदात असला की खाली कधीकधी कायमच्या दाताची एक कळी कमी असते, हे तिला काय माहीत नव्हतं? दरवर्षी ती ते फळ्यावर लिहायची. पण फळा तो फळा, आणि मांडीवरचं मूल ते मांडीवरचं मूल, मध्ये एक दार होतं आणि ते तिने कधी उघडलं नव्हतं. आज एका अठरा वर्षांच्या मुलीने ते नुसत्या बोटाने ढकललं.

आणि ते दार बंद ठेवायला नवऱ्याला तिनेच सांगितलं होतं. भिंगरी घसरगुंडीवरून पडली त्या दिवशी तिच्या तोंडातून एवढं रक्त आलं होतं की आयुष्यभर प्रेतं उघडून शिकवणाऱ्या तिने डोळे मिटून घेतले. नवरा त्याच महाविद्यालयात क्ष-किरण विभागात, जबड्याचे फोटो काढणं, ते वाचणं, हेच त्याचं काम. त्याने पोरीला यंत्राच्या उंच खुर्चीवर बसवलं, हनुवटी टेकवली, आणि म्हणाला, ‘‘आता आपण पुतळा-पुतळा खेळायचं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. हललीस की बाबा हरला.’’ आणि काय नवल, कधी न थांबणारी ती पोर थांबली. यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती सावकाश फिरत होता आणि ती मध्ये, रक्ताळलेले ओठ उघडे, पापणीसुद्धा न हलवता, बाबाला जिंकवत बसली होती. तिने ते जाड काचेच्या अलीकडून पाहिलं आणि पाठ फिरवली. पडद्यावर काळं-पांढरं काही उमटायला लागलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मला दाखवू नकोस. तिच्या आतलं मला नाही बघायचं. तू बघ, आणि ठीक आहे की नाही एवढंच सांग.’’ तो बराच वेळ बघत होता. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘ठीक आहे,’’ तो म्हणाला. त्या दोन शब्दांवर ती आजपर्यंत झोपत आली होती, उशीवर झोपावं तशी.

वर्ग संपला. पोरं गेली, जाता जाता टवाळ म्हणाला, ‘‘बाय बाळू, दात घास.’’ कंपनीवाल्याने वायर गुंडाळताना तिला बजावलं, ‘‘शेवटी हे दाबायचं विसरू नका, मॅडम, मूळ स्थिती. पोरं काय वाटेल ते कापून ठेवतात. हे दाबलं की पुन्हा जशास तसं.’’ तो गेल्यावर ती टेबलाशी एकटी उरली. तिचे जुने सर आठवले. विच्छेदनाच्या हॉलमध्ये त्यांचा एक दंडक होता, तोंडावर ओलं कापड, आणि जेवढं आज शिकायचं तेवढंच उघडायचं. हात शिकायचा तर हात. चेहरा वर्षाच्या शेवटी. ‘‘मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही,’’ सर म्हणायचे, ‘‘म्हणून त्याच्या वतीने थोडं नाही आपणच म्हणायचं.’’ तिने तो दंडक आजवर पाळला होता, कापड वाळलं की स्वतः ओलं करायची, पोरं हसली तरी. इथे काय झाकणार? तिने तळहात पसरून काचेवर ठेवला, त्या उघड्या डोळ्यांच्या खोबणींवर, नाकाच्या जागेवर. टेबलाला वाटलं, हा स्पर्श म्हणजे आज्ञा. कवटी तिच्या तळव्याखाली हळूच वळली आणि तिच्याकडे तोंड करून थांबली.

क्ष-किरण विभागाच्या जड दाराआड तो एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो काढून संपवत होता. ‘‘आजी, झालं. उतरा सावकाश,’’ तो म्हणत होता, त्या मऊ, धीराच्या आवाजात, ज्याच्यावर विश्वास ठेवून माणसं लोखंडात डोकं देतात. आजी गेल्या. तिला बघून तो हसला. ‘‘काय गं, नव्या टेबलाचं उद्घाटन झालं?’’

‘‘बाळूला भेटले,’’ ती म्हणाली.

‘‘कोण बाळू?’’

‘‘तुझा बाल नमुना. पोरांनी बाळू नाव ठेवलंय. दात घास म्हणाले त्याला.’’

तो खुर्चीवर टेकला. चेहऱ्यावर काय उमटतं ते ती बघत होती, आणि तिला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की त्यात आश्चर्य नव्हतं. ‘‘सांगणार होतो,’’ तो म्हणाला.

‘‘कधी?’’

‘‘तो दात पडेल तेव्हा. तेव्हा सांगावंच लागलं असतं.’’

‘‘म्हणजे तुला माहीत होतं. त्याच दिवशी.’’

‘‘अगं, एक दात! हृदयाला भोक असल्यासारखं काय बोलतेस? तू रडत होतीस, पोर रक्ताने माखलेली, तेव्हा मी काय सांगायचं, की हो, ठीक आहे, आणि वर आणखी एक कळी कमी आहे? तूच म्हणालीस, एवढंच सांग. मी एवढंच सांगितलं.’’

‘‘आणि मग जगाला बाकीचं सांगितलंस.’’

‘‘नाव काढलंय त्याच्यावरचं. चेहऱ्याचा, कातडीचा थर दिलाच नाही मी. कुणाचाही असू शकतो तो.’’

‘‘मग मी कसा ओळखला?’’

त्याने मान वळवली. मग हळूहळू, भिंतीवर टांगलेल्या त्या शिशाच्या एप्रनकडे बघत, सांगायला लागला. एवढ्या लहान मुलांचे असे पूर्ण स्कॅन मिळतच नाहीत, उगाच कोण किरण देईल पोराला, आणि इथे एक असा स्वच्छ, न हललेला, वर त्यात शिकवण्यासारखं काहीतरी असलेला. कंपनीला तेच हवं होतं. पालक म्हणून सही एकाची पुरते, ती त्याने केली. ‘‘किती पोरं त्यावर शिकतील याचा विचार कर. तू पण शिक्षिका आहेस. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाला छान म्हणालं. माझ्या फोटोंना कोण बघतं इथे? बघतात आणि पाकिटात घालतात.’’ तो खोटं बोलत नव्हता. तेच तर. तो खोटं बोलला असता तर तिला भांडता आलं असतं. ‘‘परत मागव,’’ ती म्हणाली. ‘‘ते असं परत नाही येत,’’ तो म्हणाला. ‘‘कुठे कुठे गेलंय ते मलासुद्धा माहीत नाही.’’ बाहेर पुढच्या पेशंटने दारावर टकटक केली, दोनदा, आणि ती दचकली.

मग तिला ती संध्याकाळ आठवली. मुद्दाम आठवली नाही, जिन्यावरून उतरताना आपसूक पायरीसारखी पायाखाली आली. जेवणाच्या टेबलावर तो काँप्युटर घेऊन बसायचा तेव्हा, कितीतरी आठवडे, आणि स्कॅनच्या एकेका राखाडी चकतीवर रंग भरायचा. ढीगभर चकत्या एकावर एक रचल्या की त्यातून दात उभे राहतात, असं त्याने भिंगरीला समजावलं होतं, आणि भिंगरी शेजारी बसून आपल्या वहीत हत्ती रंगवायची. त्या संध्याकाळी ती त्याच्यासाठी चहा घेऊन गेली होती. त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून तिने पडद्याकडे पाहिलं होतं, राखाडी धुक्यात निळे मणी, आणि ती म्हणाली होती, ‘‘किती गोड रंग निवडलायस रे.’’ त्याचा हात एक क्षण थांबला होता. फक्त एक क्षण. तिच्या हनुवटीखाली त्याचा खांदा कडक झालेला तिला आता जाणवला, इतक्या उशिरा, जसा काही तो खांदा अजून तिथेच होता. मग तो म्हणाला होता, ‘‘निळा डोळ्यांना बरा पडतो.’’ आणि चहा प्याला होता. त्या टेबलाच्या या बाजूला पोर, त्या बाजूला पोर, मध्ये ती कपबशी घेऊन उभी, आणि रंग गोड. याला काय म्हणायचं? दुसरी बाई असती तर त्याला शब्द होता. लोकांना सांगता आलं असतं, आईच्या गळ्यात पडून रडता आलं असतं. आई म्हणाली असती, अगं, बाप आहे तो, वैरी आहे का? आणि ते खरंच होतं. तो बाप होता. रोज सकाळी पोरीची वेणी तोच घालायचा, हिच्यापेक्षा सरळ भांग पाडून.

विभागप्रमुख बाईंकडे ती गेली, म्हणाली, तो बाल नमुना मी नाही वापरला तर चालेल का, प्लास्टरचे साचे आहेत ना. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘का गं? एवढं भांडून ते टेबल मिळवलं, आणि आता प्लास्टर? मुलं तर त्या बाळूवर खूश आहेत.’’ का, याचं उत्तर तिच्या जिभेवर होतं, पण ते बोललं असतं तर बाळू बाळू राहिला नसता. पोरं थबकली असती, हळहळली असती, मग जास्तच वाकून बघितलं असतं, आणि भिंगरी कधी विभागात आली की तिच्या तोंडाकडे बघितलं असतं. अनोळखी असणं एवढं एकच पांघरूण त्या कवटीवर उरलं होतं, आणि ते नवऱ्यानेच घातलेलं होतं. ते ओढून काढायचं नाही म्हणून ती गप्प बसली. म्हणजे त्याच्याच गप्पपणात सामील झाली. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती बाईंच्या खोलीबाहेर, पाणी प्यायच्या नळापाशी उभी होती आणि पेला भरून ओसंडत होता. पुढच्या वर्गाला पोरांनी बाळूचा जबडा काढला, बाजूला ठेवला, उलटा केला. एकाने सगळे दात उपटून टेबलभर पसरले. ‘‘अरे, मारामारी केली काय याने?’’ ती म्हणाली, ‘‘लागतं तेवढंच उघडा.’’ ‘‘मॅडम, हा काय खरा आहे का?’’ टवाळाने विचारलं, वाईट हेतूने नव्हे. तिने मूळ स्थिती दाबली. सगळे दात धावत आपापल्या जागी गेले, वरचा तिरका, खालचा जोड, आणि एक कधीच नसलेला, तोही आपल्या जागी. साडेचार वर्षांची भिंगरी पुन्हा पुतळा झाली. बाबा अजून ‘झालं’ म्हणाला नव्हता.

घरात काही बदललं नाही, हेच विचित्र होतं. तो संत्रं सोलायचा, फोडींवरचे पांढरे दोरे काढून भिंगरीच्या बशीत ठेवायचा, आणि ती त्याची बोटं बघायची. याच बोटांनी. तो बोलायचा, ती हं म्हणायची. ‘‘किती दिवस असं?’’ त्याने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं. ‘‘मी काय पोरीला विकलं का?’’ ‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी तिला बघायला घाबरले, म्हणून तुझ्याकडे दिली. माझ्या वाटचं बघणं तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं. तू ते वाटून टाकलंस, आणि मला तेवढं दिलं नाहीस.’’ त्याने देठ मोडता मोडता हात थांबवला. तो क्षण तिने या वेळी ओळखला. मग त्याने पुढचा देठ मोडला, आणि भिंगरी तिथेच लुडबुडत होती, जिभेने जोडदात पुढेमागे ढकलत. दात हलायला लागला होता. ‘‘कुणी हात लावायचा नाही,’’ तिने जाहीर केलं होतं. ‘‘माझा आहे. माझा मीच पाडणार.’’ ‘‘हो बाई, तुझाच,’’ ती म्हणाली.

तो एका सकाळी पडला, शाळेच्या घाईत. न्हाणीघरातून आरोळी आली, ‘‘आई! पडला! माझा मीच पाडला!’’ आणि भिंगरी पेस्टचा फेस आणि थोडं रक्त हनुवटीवर घेऊन धावत आली, ओल्या मुठीत दात. मूठ उघडून तिने तो आईच्या तळहातावर ठेवला. केवढासा. काचेत तो मुठीएवढा करून पोरांनी पाहिला होता, इथे तो तांदळाच्या दोन दाण्यांएवढा होता, उबदार, मध्ये ती रेघ. तिने रेघेवरून नख फिरवलं. हा काचेत कधी पडणार नव्हता. नवरा केसांचा कंगवा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता.

‘‘जोडीचा होता ना, आई,’’ भिंगरी म्हणाली. ‘‘म्हणजे आता दोन येणार. मधलीला एकेकच येतोय, मी तिला सांगितलंय मला दोन येणार.’’ मधली म्हणजे शाळेत बाकावर मध्ये बसणारी. ‘‘येणार ना दोन?’’

दारातून त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, तरी तिला ते कळलं, इतकी वर्षं काढल्यावर कळतं. हो म्हण, असं ते पाहणं म्हणत होतं. शाळेची वेळ आहे, संध्याकाळी बघू, ठीक आहे म्हण. हो म्हणणं किती सोपं होतं. किती मायेचं होतं. पोरगी नाचत शाळेत गेली असती. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी, यंत्राशेजारी, त्याच्या तोंडात ते दोन शब्द किती मऊ लागले असतील. तिने पोरीची हनुवटी कोटाच्या बाहीने पुसली आणि तिला उजेडाकडे वळवलं. हिरडीच्या लाल खड्ड्यात तिने पाहिलं. डोळे न मिटता पाहिलं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘एकच येणार. दुसऱ्याची जागा आहे, पण तो आत नाहीये. सुरुवातीपासूनच नाही.’’

भिंगरीने हे जिभेने तपासून पाहिलं. ‘‘मग फट राहणार?’’

‘‘थोडी राहील.’’

‘‘शिट्टी वाजेल त्यातून?’’

‘‘वाजेल बहुतेक.’’

भिंगरीने फुंकून पाहिलं. नुसती हवा आणि थुंकी आली. मग तिच्या कपाळावर एक आठी पडली, अगदी तिच्या बापासारखी, काही वाचताना त्याच्या कपाळाला पडते तशी. ‘‘पण तू तर आत्ता बघितलंस. आत नाहीये हे तुला कसं कळलं? तू कधी बघितलंस माझ्या आत?’’

टॉवेलच्या दांडीवरून एक थेंब फरशीवर पडला. तिने मूठ मिटली. दाताची कड तळव्यात रुतली, त्या जुन्या जागेपासून फार लांब, पण कळ तीच.

‘‘बाबाला विचार,’’ ती म्हणाली.

भिंगरी वळली. दारातल्या त्या कंगवा धरलेल्या माणसासमोर जाऊन उभी राहिली, मान मागे टाकली, आणि त्याला नीट दिसावं म्हणून तोंड मोठं उघडून थांबली. अजिबात न हलता, त्यानेच शिकवलं होतं तशी.